गंबागाहून घरी परतताना

चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या वृद्ध स्त्रियांना उत्तर घानातील काही गावांनी पिढ्यान् पिढ्या आसरा दिला आहे. या स्त्रियांना पुन्हा आपल्या घरी नेण्याचे प्रयत्न १९९४ पासून सुरू आहेत. या छावण्यांचा, परतीच्या कामाचा आणि त्याभोवतीच्या कायद्याचा हा आढावा.

पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या ईशान्य भागात गंबागा हे गाव आहे. माम्प्रुसी राज्याचे हे जुने ठिकाण. ब्रिटिश अमदानीत उत्तरेकडील प्रदेशाचा कारभार प्रारंभी येथूनच चालत असे. १९०७ मध्ये हे प्रशासकीय ठाणे तामाले येथे हलविण्यात आले आणि गंबागाचे महत्त्व ओसरले. आज देशात व देशाबाहेर हे गाव ओळखले जाते ते मातीच्या गोल झोपड्यांच्या एका वस्तीमुळे. या वस्तीत राहणाऱ्या बहुतेक स्त्रिया साठी ओलांडलेल्या आहेत. त्यांपैकी कोणीही येथे स्वखुशीने राहायला आलेली नाही. गावात कोणाचे मूल दगावले, कोणाला साप चावला, कोणाच्या स्वप्नात ही बाई आली, एवढ्या कारणावरून त्यांना चेटकीण ठरविण्यात आले आणि जीव वाचविण्यासाठी त्यांनी गंबागा गाठले.

इंग्रजी वृत्तपत्रांनी अशा वस्त्यांना 'चेटकिणींच्या छावण्या' असे नाव दिले व तेच रूढ झाले. स्थानिक लोक मात्र गंबागाच्या वस्तीला 'म्हाताऱ्यांचा वाडा' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. छावणी म्हटले की कुंपण आणि पहारेकरी डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांपैकी काहीच नाही. या स्त्रियांना बाहेर पडण्यास कोणी हाताला धरून अडवत नाही. परंतु बाहेर पडून जायचे कोठे, हा प्रश्न मात्र सुटलेला नसतो.

आसऱ्याचा इतिहास

गंबागाची वस्ती अठराव्या शतकापासून असावी, असे परंपरा सांगते. चेटकीण म्हणून देहदंड होऊ घातलेल्या एका स्त्रीची तेथील इमामाला दया आली, त्याने तिला आपल्याकडे ठेवून घेतले आणि पुढे अशा स्त्रिया येतच राहिल्या, अशी ही कथा आहे. नंतर ही जबाबदारी गंबागाच्या मुखियाकडे गेली. त्याला 'गंबारना' म्हणतात. गावप्रमुख आणि भूमीचा पुजारी अशी दोन्ही पदे त्याच्याकडे असतात. त्याच्या देवस्थानाच्या हद्दीत चेटूक चालत नाही, आलेली बाई चेटकीण असली तरी तिची शक्ती येथे निष्प्रभ होते, असा लोकांचा समज आहे. आसऱ्याची सारी व्यवस्था या समजावर उभी आहे. बाहेरचा जमाव गंबागाच्या वेशीशी थांबतो, तो पोलिसांच्या धाकाने नव्हे, तर या देवस्थानाच्या धाकाने.

गंबागाखेरीज कुकुओ, न्यानी, क्पाटिंगा, बोन्यासी आणि नाबुली येथेही अशाच वस्त्या होत्या. 'ॲक्शनएड' या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या सहा वस्त्यांमध्ये मिळून सुमारे ८०० स्त्रिया व ५०० मुले राहत असल्याचे म्हटले होते. बोन्यासी २०१४ मध्ये बंद झाली. नाबुलीही कालांतराने बंद झाली आणि उरलेल्या चार चालू राहिल्या. यांपैकी न्यानीचे वैशिष्ट्य असे, की तेथे चेटकाचा आळ आलेले काही पुरुषही राहतात. पुरुषांवर असा आळ येतच नाही असे नाही. परंतु त्या भागातील समजुतीनुसार पुरुषाकडील गूढ शक्ती घराचे रक्षण करते आणि बाईकडील शक्ती घर खाते. एकाच गोष्टीला लावलेले हे दोन मापदंड लक्षात घेतले, म्हणजे वस्त्यांत स्त्रियाच बहुसंख्य का, हे निराळे सांगावे लागत नाही.

कोंबडीचा कौल

वस्तीत आलेल्या स्त्रीची प्रथम 'परीक्षा' होते. मुखिया किंवा पुजारी कोंबडी अथवा गिनी फाऊल जातीचा पक्षी कापून अंगणात सोडतो. फडफडत फडफडत तो उताणा पडला, म्हणजे पंख आणि पाय आभाळाकडे करून मेला, तर बाई निर्दोष. पालथा पडला तर ती चेटकीण. दोषी ठरलेल्या स्त्रीला शुद्धीसाठी एक मिश्रण प्यावे लागते. कोंबडीचे रक्त व माती हे काही ठिकाणच्या मिश्रणातील घटक आहेत.

या परीक्षेबाबत एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. कौल बाईच्या बाजूने लागला, तरी बहुधा तिच्या परिस्थितीत फरक पडत नाही. तिला निर्दोष ठरविणारी कोंबडी गंबागात मेलेली असते आणि तिच्यावर आळ घेणारे लोक तिच्या गावात असतात. त्यांनी तो कौल मानला नाही, तर निर्दोष ठरलेली बाईही दोषी ठरलेल्या बाईच्या शेजारच्याच झोपडीत आयुष्य काढते. उलटपक्षी, कौल विरुद्ध गेलेल्या कित्येक स्त्रिया 'आपल्या हातून नकळत काही घडले असेल' असे स्वतःच मानू लागतात.

अशा कबुलीजबाबांचा अभ्यास घानात पूर्वीच झालेला आहे. मार्गारेट फील्ड या मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होत्या. अशांती प्रदेशातील देवस्थानांवर येणाऱ्या लोकांच्या त्यांनी नोंदी ठेवल्या आणि १९६० मध्ये 'सर्च फॉर सिक्युरिटी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपणच चेटकीण आहोत, आपणच मुले खाल्ली, असे सांगत येणाऱ्या अनेक स्त्रिया प्रत्यक्षात तीव्र नैराश्याने ग्रासलेल्या होत्या, असे त्यांना आढळले. विस्मृतीच्या विकाराचेही तसेच आहे. रात्री उठून घराबाहेर फिरणे, एकटीने बडबडणे, नातवंडांना न ओळखणे ही म्हातारपणी दिसणारी लक्षणे आहेत. तपासणारा डॉक्टर जवळपास नसला, की त्यांचा अर्थ लावायला शेजारी असतातच.

आळ कोणावर येतो

आजार, मृत्यू, पिकाचे नुकसान, व्यवसायातील खोट ही निमित्ते झाली. ते निमित्त कोणाच्या माथी मारायचे, हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. ॲक्शनएडच्या त्याच अहवालानुसार कुकुओ येथील ७० टक्क्यांहून अधिक स्त्रियांवर त्यांच्या पतीच्या निधनानंतर आळ आला. या भागात लग्नानंतर स्त्री नवऱ्याच्या घरी राहते. नवरा गेल्यावर तिला सासरी राहता येईलच असे नाही. पुष्कळदा ती भावाच्या किंवा पुतण्याच्या आश्रयाला माहेरी परतते. तेथे तिचा हक्क कशावरच नसतो. ती घरातील एक जादा तोंड ठरते. अशा वेळी पुतण्याच्या मुलाला ताप भरला आणि तापात त्याला आत्या स्वप्नात दिसली, की एवढा पुरावा पुरेसा होतो. गावचा दैवज्ञ (आपल्याकडील भगताचाच हा भाऊबंद) त्या संशयावर शिक्कामोर्तब करतो.

उत्तर घाना हा मेंदूज्वराच्या साथीच्या पट्ट्यात येतो. कोरड्या ऋतूत या साथी उसळतात व माणसे चार-दोन दिवसांत दगावतात. हिवताप तर बारमाही आहे. उपचार दूर आणि मृत्यू जवळ, अशा ठिकाणी 'काय झाले' यापेक्षा 'कोणी केले' हा प्रश्न लवकर विचारला जातो.

तथापि, दारिद्र्य आणि अज्ञान एवढेच कारण सांगून थांबणे बरोबर होणार नाही. सुसान ड्रकर-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी माम्प्रुसी समाजाचा दीर्घकाळ अभ्यास केला. चेटकाची भीती वाढण्याचा संबंध त्यांनी १९९३ मधील एका निबंधात स्त्री-पुरुषांच्या बदलत्या आर्थिक स्थानाशी जोडला. बाजारात स्वतः व्यापार करणाऱ्या, चार पैसे गाठीला बांधणाऱ्या आणि कोणाच्या धाकात नसलेल्या बाईवरही आळ येतो. म्हणजे जिच्याकडे काहीच नाही ती ओझे म्हणून नकोशी, आणि जिच्याकडे काही आहे ती डोळ्यांवर येते म्हणून नकोशी.

हे लोण केवळ उत्तरेपुरते आहे, असाही समज करून घेण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये तेमा या राजधानीजवळच्या बंदराच्या शहरात ७२ वर्षांच्या एका स्त्रीला रॉकेल ओतून पेटवून देण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. तेमा हे कारखान्यांचे व गोदीचे आधुनिक शहर आहे. उत्तर व दक्षिणेत फरक इतकाच, की उत्तरेत पळून जाण्यासाठी निदान गंबागा आहे.

वस्तीतील जिणे

झोपडीचे छप्पर गवताचे. ते दर काही वर्षांनी शाकारावे लागते आणि सत्तरीच्या बाईला ते जमत नाही. पावसाळ्यात ती गळणाऱ्या छपराखालीच दिवस काढते. कुकुओच्या स्त्रियांना पाण्यासाठी ओटी नदीपर्यंत काही मैलांची पायपीट करावी लागे आणि परतीच्या वाटेवर डोक्यावर हंडा व समोर चढण असे. पोटासाठी सरपण गोळा करणे, शेंगा सोलणे, लोकांच्या शेतात मजुरी करणे ही कामे चालतात. बाजार उठल्यावर धान्याच्या पेठेत जमिनीवर सांडलेले दाणे वेचून, पाखडून घरी आणणे हाही गंबागातील स्त्रियांच्या उपजीविकेचा एक भाग आहे.

मुखियाच्या शेतातही त्यांना राबावे लागते. वस्तीत येताना आणि वस्ती सोडताना विधीसाठी जनावर व पैसे द्यावे लागतात. याबा बडो यांच्या 'द विचेस ऑफ गंबागा' (२०१०) या माहितीपटाने या व्यवहाराकडे लक्ष वेधले. आश्रय देणारा मुखिया रक्षणकर्ता म्हणायचा की लाभार्थी, असा प्रश्न त्यानंतर वारंवार विचारला गेला. खरे पाहता तो दोन्ही आहे. त्याच्याशिवाय या स्त्रिया जिवंत राहिल्या नसत्या आणि त्याच्या संमतीशिवाय त्यांना घरीही जाता येत नाही. परतीचे काम करणाऱ्या संस्थांनी ही वस्तुस्थिती ओळखून त्याच्याशी वैर टाळले, हे त्यांचे शहाणपणच म्हणावे लागेल.

वस्तीतील मुलांविषयी सहसा कमी बोलले जाते. म्हाताऱ्या बाईच्या सोबतीला व पाण्या-सरपणाला एखादी नात पाठवून देण्याची चाल आहे. चेटूक आईकडून मुलीकडे जाते, असा समज असल्यामुळे त्या मुलीवरही शिक्का बसतो. घरच्या शाळेतून तिचे नाव जाते आणि नव्या शाळेत मुले तिच्याजवळ बसत नाहीत. आजी वारल्यावर या मुलीने कोठे जावे, याचे उत्तर बऱ्याच वेळा कोणाकडेच नसते.

परतीची वाट

घानातील प्रेस्बिटेरियन चर्चने १९९४ मध्ये गंबागा येथे परतीचा प्रकल्प सुरू केला. 'गो होम' म्हणजे 'घरी चला' असे त्याचे सुटसुटीत नाव आहे. पुढे ॲक्शनएड, तामाले येथील 'सोंगताबा' ही संस्था व काही सरकारी विभागही या कामात उतरले. या साऱ्यांच्या अनुभवातून जी पद्धत तयार झाली, तिची दखल घेण्याजोगी बाब म्हणजे तीत घाईला थारा नाही.

आरंभ बाईच्या इच्छेपासून होतो. तिला खरोखर परतायचे आहे का, आणि कोठे? कित्येकींना ज्या घरातून हाकलले त्या घरी जायचे नसते. त्यांना मुलीकडे, दुसऱ्या गावातील भावाकडे किंवा माहेरच्या एखाद्या नातलगाकडे राहायचे असते. त्यानंतर कार्यकर्ते तिच्या गावी जातात, तेही तिला सोबत न घेता. आळ कोणी घेतला, निमित्त काय घडले, दगावलेल्या मुलाचे आईबाप आज काय म्हणतात, याची चौकशी करतात. कुटुंबातील कर्ता पुरुष, गावचा मुखिया, इमाम किंवा पाद्री आणि स्थानिक लोकप्रतिनिधी यांच्याशी बोलणी होतात. एका भेटीत काही साधत नाही. कधी तीन-चार खेपा होतात, कधी मधे वर्ष जाते. आळ घेणारा माणूस वारला किंवा गाव सोडून गेला, तर जे काम वर्षानुवर्षे अडले होते ते एकाएकी सुटते, असेही घडते.

मग बाईला थोड्या दिवसांसाठी गावी नेतात. एखाद्या नातलगाचे उत्तरकार्य किंवा सण हे चांगले निमित्त ठरते. ती येते, चार दिवस राहते, परत वस्तीत जाते. या चार दिवसांत तिच्या हातचे पाणी कोण पिते, मुले तिच्याजवळ जातात की आया त्यांना ओढून घेतात, हे पाहिले जाते. गावाला तिची सवय होणे आणि तिला गावाचा अंदाज येणे या दोन्ही गोष्टी यातून साधतात. सारे जुळले, की वस्तीच्या मुखियाकडे निरोपाचा विधी होतो. बाई आता निरुपद्रवी झाली, अशी ग्वाही तो देतो. या ग्वाहीवर परतीचा मोठा भार असतो.

येथे एक पेच आहे व तो नाकारण्यात अर्थ नाही. बाई 'शुद्ध' झाली असे सांगून तिला परत नेणे म्हणजे ती आधी चेटकीण होती हे मान्य करण्यासारखेच आहे. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्यांना ही तडजोड खटकते. पण गावाला चेटूक नसते हे पटवून देण्यास एक पिढी लागेल आणि बाई पंचाहत्तर वर्षांची आहे. कार्यकर्त्यांनी बहुधा बाईचे वय लक्षात घेऊन निर्णय घेतला आहे.

रिकाम्या हाताने परतलेली बाई पुन्हा ओझेच ठरते. म्हणून सोबत धान्य, कपडे, साबण, शक्य असल्यास शेळ्या किंवा छोट्या धंद्यासाठी थोडे भांडवल दिले जाते. झोपडी दुरुस्त करून घेतली जाते. घानात २००३ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा योजना आहे आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना तिच्या हप्त्यातून सूट आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'लीप' या योजनेतून निराधार वृद्धांना रोख रक्कम मिळते. विम्याचे कार्ड व दरमहिन्यागणिक साचणारी छोटीशी रक्कम हातात असलेल्या म्हातारीकडे पाहण्याची घरच्यांची नजर बदलते, असा अनुभव आहे. त्याला माया म्हणावे की हिशेब, हे ज्याने त्याने ठरवावे.

परतलेल्या साऱ्याच स्त्रिया टिकतात असे नाही. घरात पुन्हा एखादे आजारपण येते, जुना संशय उफाळतो आणि बाई पुन्हा वस्तीच्या वाटेला लागते. म्हणूनच परतीनंतरच्या भेटी महत्त्वाच्या ठरतात. कार्यकर्त्याची मोटारसायकल अधूनमधून दारात उभी राहिली, की या बाईची विचारपूस करणारे कोणी आहे, हे गावाला कळते. निधी आटला की प्रथम काट बसते ती याच फेऱ्यांना.

छावण्या बंद करण्याचा आग्रह

२०११-१२ च्या सुमारास घाना सरकारने या छावण्या बंद करण्याचा इरादा जाहीर केला. देशाच्या प्रतिमेला त्या काळिमा आहेत, असा सूर होता. त्यावर सर्वांत मोठा विरोध झाला तो या वस्त्यांत राहणाऱ्या स्त्रियांकडूनच. वस्ती मोडली तर आम्हाला मारतील, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर सरकारने सरसकट बंदीऐवजी एकेक वस्ती तयारीनिशी बंद करण्याचा मार्ग धरला. त्यानुसार डिसेंबर २०१४ मध्ये, महिला व बालकल्याणाचे खाते नाना ओये लिथुर यांच्याकडे असताना, बोन्यासीची वस्ती समारंभपूर्वक बंद करण्यात आली व तेथील स्त्रियांना त्यांच्या समाजांत परत नेण्यात आले.

स्त्रियांची भीती निराधार नव्हती. २३ जुलै २०२० रोजी साव्हाना प्रांतातील काफाबा या गावच्या बाजारात ९० वर्षांच्या एका वृद्धेला भर दिवसा लोकांसमोर मारहाण करून ठार करण्यात आले. गावात आलेल्या एका दैवज्ञ बाईने तिच्याकडे बोट दाखविले होते. प्रसंगाचे चित्रीकरण मोबाइलवरून देशभर पसरले व एकच संताप उसळला. या प्रकरणी दोन स्त्रियांना २०२३ मध्ये प्रत्येकी १२ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. आळ घेणाऱ्यांत आणि हात उगारणाऱ्यांत स्त्रियाही असतात, हे या निकालाने नजरेस आणून दिले.

घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेतील २६ व्या अनुच्छेदाने माणुसकीला काळिमा फासणाऱ्या व शरीरास अथवा मनास इजा करणाऱ्या रूढींना मनाई केली आहे. परंतु एखाद्या स्त्रीला चेटकीण म्हणणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. काफाबाच्या घटनेनंतर खासदार फ्रान्सिस-झेवियर सोसू व त्यांच्या सहकाऱ्यांनी फौजदारी कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. कोणालाही चेटकीण ठरविणे वा तसे नाव ठेवणे आणि चेटकीण शोधून देण्याचा धंदा करणे, हे गुन्हे ठरविणाऱ्या या विधेयकाला संसदेने जुलै २०२३ मध्ये मंजुरी दिली. डिसेंबरमध्ये तत्कालीन अध्यक्ष नाना अकुफो-आडो यांनी त्यावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. विधेयकामुळे सरकारी तिजोरीवर भार पडणार असल्याने ते खासगी विधेयक म्हणून मांडता येत नाही, असा त्यांचा घटनात्मक आक्षेप होता. संसदेची मुदत संपताच विधेयक बारगळले. नव्या संसदेत २०२५ मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले. त्याच वर्षी 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल'ने आपल्या अहवालात उर्वरित चार वस्त्यांतील स्त्रियांच्या स्थितीवर प्रकाश टाकून कायद्याची मागणी पुन्हा लावून धरली. त्याआधी जुलै २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने चेटकाच्या आरोपांतून होणाऱ्या छळाविरुद्ध स्वतंत्र ठराव केला होता. जागतिक पातळीवरील या विषयावरचा हा पहिलाच ठराव होय.

टांझानियातील चुली

पूर्व आफ्रिकेत टांझानियाच्या वायव्येकडील सुकुमा प्रदेशात गंबागासारख्या आश्रयाची परंपरा नाही. तेथे आळ आलेल्या वृद्ध स्त्रियांवर कोयत्याने हल्ले होत आले. लाल डोळे ही तेथे चेटकिणीची खूण मानली जाते. जन्मभर शेणाच्या व ओल्या सरपणाच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईचे डोळे म्हातारपणी लाल होणारच. वृद्धांसाठी काम करणाऱ्या 'हेल्पएज इंटरनॅशनल' व तिच्या स्थानिक सहकारी संस्थांनी यावर साधा उपाय योजला. कमी धूर करणाऱ्या सुधारित चुली घरोघर पोहोचविल्या. जोडीला विधवांच्या जमिनीचे हक्क कागदावर आणणे, घरे दुरुस्त करणे आणि गावातील पारंपरिक संरक्षक दलांशी बोलणी करणे हेही चालले. जादूटोण्यावर व्याख्यान न देताही एका वृद्धेवरील संशय कमी करता येतो, याचे हे उदाहरण.

भारतातील कायदे

आपल्याकडे चेटकिणीच्या आरोपाविरुद्ध पहिला स्वतंत्र कायदा बिहारने १९९९ मध्ये केला व २००१ मध्ये झारखंडने तो स्वीकारला. या कायद्यात स्त्रीला 'डायन' ठरविण्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा एक हजार रुपये दंड, एवढीच शिक्षा आहे. छत्तीसगडने २००५ मध्ये 'टोनही' प्रथेविरुद्ध कायदा केला. ओडिशाने २०१३ मध्ये, राजस्थान व आसामने २०१५ मध्ये त्याचे अनुकरण केले. राजस्थानच्या कायद्यात गावावर सामूहिक दंड बसविण्याची तरतूद आहे.

महाराष्ट्रात सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यात, 'डाकीण' ठरवून स्त्रियांना मारहाण करण्याचे व गावाबाहेर काढण्याचे प्रकार घडत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि वर्षानुवर्षे रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा प्रथम वटहुकमाच्या रूपाने व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने आला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा वा चेटकाचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील करणे, हा या कायद्याने गुन्हा आहे. त्यास किमान सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्यात येतो. शिक्षेच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा बिहारच्या तुलनेत कितीतरी कडक आहे. परंतु गावाबाहेर काढलेल्या बाईला परत गावात कोणी न्यायचे, तिची पडलेली झोपडी कोणी बांधून द्यायची, खटला चालू असेपर्यंत ज्यांच्याविरुद्ध तिने फिर्याद दिली त्यांच्याच शेजारी तिने कसे राहायचे, याचे उत्तर दंडाच्या कलमांत मिळत नाही.

भारतात हे काम मुख्यतः व्यक्तींच्या जिद्दीवर चालले. झारखंडमधील सरायकेला-खरसावां जिल्ह्यातील छुटनी महतो यांना १९९५ मध्ये 'डायन' ठरवून गावाबाहेर काढण्यात आले. त्यांनी पुढे अशाच स्त्रियांना आपल्या घरी आसरा देण्यास सुरुवात केली, पोलीस ठाण्यात त्यांच्यासोबत जाऊन फिर्यादी नोंदविल्या आणि अनेकींना परत त्यांच्या घरी पोहोचविले. आसामच्या गोवालपाडा जिल्ह्यातील बिरुबाला राभा यांनी चेटकीण-प्रथेविरुद्ध गावोगाव सभा घेतल्या आणि त्यासाठी बहिष्कार सोसला. आसामचा कायदा होण्यामागे त्यांच्या चळवळीचा मोठा वाटा होता. दोघींनाही २०२१ मध्ये 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. बिरुबाला यांचे मे २०२४ मध्ये निधन झाले.

घाना व भारत यांच्या अनुभवात एक फरक मात्र ठळक आहे. आपल्याकडे गंबागासारखे, जेथे जमाव थांबतोच अशी खात्री असलेले ठिकाण नाही. आळ आलेली बाई रात्रीतून निघते ती मुलीच्या सासरी, जंगलाच्या कडेला, शहरातील एखाद्या झोपडपट्टीत, नाहीतर पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात. तिची मोजदाद कोणत्याही वस्तीच्या वहीत होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग चेटकाच्या संशयावरून झालेल्या खुनांचा आकडा दरवर्षी वेगळा देतो. २०२२ साली तो ८५ होता. जिवंत राहून गाव सोडलेल्या स्त्रियांसाठी त्या तक्त्यात रकाना नाही.